फाइल मिटा, मग घर बांधा

शुक्रवारी सकाळी बौशरमधल्या कुठल्याही मराठी घरी नाश्त्याला जा. पोहे होतात, दुसरा चहा होतो, शाळेच्या फीवर आणि विमानाच्या तिकिटांवर बोलून होतं, आणि मग यजमान हळूच आतल्या खोलीत जाऊन एक जाडजूड फाइल घेऊन येतात. "जरा बघा हो, तुम्ही या लायनीतले." फाइल म्हणजे गावी बांधायचं घर. आत प्लास्टिकच्या पाकिटांत नीट लावलेली कात्रणं: फर्निचरच्या दुकानांचे कॅटलॉग, दातांच्या डॉक्टरकडून आणलेली मासिकाची पानं, शाती अल कुर्मला चालत्या गाडीतून काढलेले बंगल्यांचे फोटो. हल्ली फाइलच्या जोडीला फोन असतो आणि फोनमध्ये पिंटरेस्टवरची चारशे चित्रं. सगळं विषयवार लावलेलं. किचन वेगळं, बाथरूम वेगळी, जिना वेगळा, एलिव्हेशन वेगळं.

अशा निदान पंधरा-वीस फायली मी पाहिल्या असतील. एकीतही प्लॉटची उत्तर दिशा कुठे आहे ते लिहिलेलं नव्हतं. विहिरीला मे महिन्यात किती पाणी असतं ते नव्हतं. पाऊस कुठल्या अंगानं येतो ते नव्हतं. आणि त्या घरात जूनपासून पुढच्या जूनपर्यंत प्रत्यक्षात कोण राहणार आहे, हे तर नव्हतंच नव्हतं.

माझं म्हणणं अनेकांना झोंबेल, तरी मांडतो. घर बांधण्यापूर्वी कल्पना गोळा करण्याची आपली जी रीत पडली आहे ती चुकीची आहे. चुकीची म्हणजे थोडी सुधारून चालेल अशी नव्हे, मुळापासून. आणि या चुकीचं बिल आपण इथं बसून भरत नाही, ते गावी राहणारी आपली माणसं भरतात.

अमेरिकेतल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या मराठी माणसाचं गावचं घर ही हौस असते. त्याला तिथलं नागरिकत्व मिळतं, तिथं घर मिळतं, मुलं तिथलीच होतात. आपलं तसं नाही. इथं वीस वर्षं काढा नाहीतर तीस, व्हिसा संपला की बॅगा भरायच्या. परदेशी माणसाला घर विकत घेता येतं ते मुख्यतः ठरावीक पर्यटन प्रकल्पांत, आणि ते आपल्यातल्या किती जणांच्या खिशाला परवडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे गावचं घर ही आपली परतीची जागा आहे. २०२० साली कोरोनात नोकऱ्या गेल्या तेव्हा कितीतरी कुटुंबं दोन-तीन महिन्यांच्या आत कायमची परत गेली. त्यातल्या काहींची घरं बांधून तयार होती. फक्त राहण्याजोगी नव्हती.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. सगळ्यात जाड फाइल माझी होती.

आमचं गाव दापोली तालुक्यात, केळशीच्या बाजूला. जुनं घर जांभ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं, पुढे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, मागे न्हाणीघर आणि वाडी. २००८ साली मी ते पाडलं. पोटापाण्यासाठी मी बांधकाम कंपनीत लोकांच्या इमारतींची अंदाजपत्रकं करतो, त्यामुळे मला घरातलं सगळं कळतं अशी माझी समजूत होती. फाइलमध्ये एकशे ऐंशी चित्रं होती. सपाट गच्ची, त्यावर इथल्या किल्ल्यांसारखे कंगोरे, कमानीची लांबरुंद काचेची खिडकी, पांढराशुभ्र रंग, जमिनीला चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, दारात दोन गाड्या मावतील असा पोर्च. अण्णांना नकाशा दाखवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुला आवडतंय ना? मग झालं." आमच्या पिढीनं आईवडिलांच्या या वाक्याचा अर्थ "मंजूर" असा घेतला आहे. तो तसा नसतो.

आता जरा मस्कत आणि दापोली शेजारी शेजारी ठेवून पाहू. मस्कतला वर्षाला सुमारे शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. दापोलीला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पस्तीसपट. बौशरच्या बंगल्याची गच्ची सपाट आहे कारण तिला पाणी वाहून न्यायचंच नाही. तिच्यावर पाण्याची टाकी आणि डिश ठेवायची आहे. भिंत पांढरी आहे कारण ऊन परतवायचं आहे. कंपाउंड उंच आहे कारण घरातल्या बायकांना आडोसा हवा आहे. बौशरच्या जुन्या वस्तीत खजुराच्या बागांजवळ बैत अल मकहम नावाचा किल्लेवजा जुना वाडा आहे, तो पाहून या. जाड भिंती, लहान झरोके. तिथल्या माणसांनी चित्रं पाहून घर बांधलं नव्हतं, ऊन पाहून बांधलं होतं. आपण त्यांच्याकडून उचलले ते कंगोरे. ऊन पाहण्याची, म्हणजे आपल्या बाबतीत पाऊस पाहण्याची, अक्कल उचलली नाही.

परिणाम सांगतो. पहिल्याच पावसाळ्यात पांढऱ्या भिंतींवर हिरवं, मग काळं शेवाळ चढलं. कमानीच्या खिडकीवर छज्जा नव्हता, कारण चित्रात छज्जा नव्हता. पश्चिमेची झड थेट काचेवर आणि फटीतून दिवाणखान्यात. दुसऱ्या वर्षी गच्ची गळायला लागली. ब्रिकबॅट कोबा उखडून पुन्हा केला, तरी तिसऱ्या वर्षी ओल आलीच. शेवटी गावात सगळे करतात तेच केलं: स्लॅबवर लोखंडी सांगाडा आणि त्यावर पत्रे. कोकणात मुंबई-गोवा रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना पाहा. सिमेंटची सपाट गच्ची आणि तिच्या डोक्यावर निळ्या-लाल पत्र्याची टोपी, अशी शेकडो घरं दिसतील. त्यातलं प्रत्येक घर कुणाच्या तरी फाइलमधून उतरलं आहे, आणि प्रत्येक पत्रा हा त्या फाइलला मिळालेला जबाब आहे. पूर्वजांनी उतरतं छप्पर आणि हातभर बाहेर आलेली वळचण ठेवली होती, तिच्या जागी आपण आधी लाखभर रुपयांची सपाट गच्ची बांधतो आणि मग तिच्यावर उतरतं छप्पर चढवतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमचे पत्रे उडाले. विमानं बंद होती. मी इथं बौशरमध्ये बसून शेजारच्या मुलानं पाठवलेल्या व्हिडिओत माझ्या घराचं डोकं उडताना पाहिलं.

पण छप्पर पैशांनी दुरुस्त होतं. पडवीचं तसं नाही, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

नव्या घराला पडवी नव्हती. माझ्या एकशे ऐंशी चित्रांत पडवी कुठेच नव्हती, त्यामुळे ती राहून गेली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. जुन्या घरात अण्णा सकाळी सहापासून पडवीत बसत. येणारा-जाणारा अंगणातून हाक मारी, मातीच्या पायांनी येऊन पडवीत टेके, सुपारी कातरत अर्धा तास बोले आणि जाई. घरात शिरण्याचा प्रश्न नसे, चपला काढून फरशी जपण्याचा प्रश्न नसे, घरातल्या बायकांची गैरसोय नसे. नव्या घरात थेट दिवाणखाना, त्यात सोफा, आणि आरशासारखी फरशी. भातलावणी करून आलेला माणूस तिथं पाय कसा ठेवील? लोक गेटापाशी थांबून "बरं आहे ना?" विचारायचे आणि पुढे जायचे. काही महिन्यांनी अण्णांनी आपली खुर्ची पोर्चमध्ये नेली. वर्षातून तीन आठवडे भाड्याची गाडी उभी राहावी म्हणून बांधलेल्या, उंच छताच्या, तिन्ही बाजूंनी झड घेणाऱ्या पोर्चमध्ये ते उरलेले एकोणपन्नास आठवडे बसत. पावसात तेही बंद. २०१७ साली ते गेले. त्याआधीच्या आठ पावसाळ्यांत त्यांच्याकडे किती माणसं येऊन बसली, हे मी आईला कधी विचारलेलं नाही.

आणि गंमत पाहा. ज्या ओमानी घरांवरून मी कमानी उचलल्या, त्या प्रत्येक घराला मजलिस असते. पुष्कळदा तिला रस्त्याकडून स्वतंत्र दार असतं. पाहुणा येतो, बसतो, कहावा आणि खजूर घेतो, आतल्या घराला धक्का न लावता जातो. म्हणजे त्यांची मजलिस आणि आपली पडवी यांचं काम एकच. इतकी वर्षं त्या मजलिसीत बसून मी खजूर खाल्ले, आणि घर बांधताना तिथून छताच्या पीओपीची नक्षी घेऊन आलो.

या लेखाला काय उत्तरं मिळतील ते मला पाठ आहे. पहिलं: "आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिलो, आता थोडी हौस करू नये का?" करा. हौसेला माझा विरोध नाही. हौस शेवटी करा, एवढंच. नवरा-नवरी ठरण्याआधी मांडवाची झालर निवडू नये.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे, आणि ते देणारी माणसं खोटं बोलत नाहीत. "आम्हाला वर्षाला जेमतेम महिनाभर सुट्टी. आर्किटेक्ट रत्नागिरीत, कंत्राटदार गावात, आम्ही इथं. चित्र पाठवलं की त्याला कळतं. शब्दांत काय काय सांगणार?" अडचण खरी आहे. पण चित्रानं ती सुटत नाही, वाढते. चित्राला जाडी नसते, उतार नसतो, पाणी कुठून जाणार ते नसतं. इथं आमच्या कंपनीत साध्या कंपाउंडच्या भिंतीचा भावसुद्धा फोटो पाहून कुणी देत नाही; भिंत किती जाड, पाया किती खोल, गिलावा कसला, हे लिहून लागतं. मालकाच्या पैशांना आपण ही शिस्त लावतो आणि स्वतःच्या घामाच्या पैशांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आणि खाली "सेम असं पाहिजे"! कंत्राटदार फोटोतलं दिसतं तेवढं करतो. खिडकीच्या चौकटीखालचा पाणी बाहेर काढणारा उतार फोटोत दिसत नाही, म्हणून तो करत नाही. मग भांडण.

तिसरं: "एवढा विचार करायला आर्किटेक्ट आहे ना?" आहे. पण जाडजूड फाइल घेऊन आलेल्या, परदेशातल्या, घाईतल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा आर्किटेक्ट विरळा. बाकीचे काय करतात? पान बारावरचा जिना, पान चाळीसवरचं किचन, पान साठवरचं एलिव्हेशन एकमेकांना शिवून देतात. गोधडीच ती, फक्त गोधडी ऊब तरी देते. केरळात लॉरी बेकर नावाचा इंग्रजांत जन्मलेला आणि भारतीय झालेला वास्तुविशारद होऊन गेला, २००७ साली तिरुअनंतपुरमला वारला. तो जागेवर जाऊन झाडं, उतार, मिळणारी वीट आणि घरातली माणसं पाहून पाठकोऱ्या कागदांवर नकाशे काढायचा. अशा माणसापुढे आपली फाइल ठेवायला आपल्यालाच लाज वाटली असती.

वास्तुशास्त्रवाल्यांबद्दल एकच वाक्य लिहितो. ईशान्य कोपरा कुठे आहे ते जो माणूस होकायंत्र लावून शोधतो, त्यानं त्याच होकायंत्रानं पाऊस कुठून येतो तेही पाहिलं असतं तर माझी तक्रार अर्धी झाली असती.

मग कल्पना जमवायच्याच नाहीत का? जमवायच्या. पण कशाच्या, आणि कशा लावायच्या, यावर सगळं आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्याच्या सहकाऱ्यांचं एक जाडं पुस्तक आहे, 'अ पॅटर्न लँग्वेज', १९७७ सालचं. शहरापासून खिडकीपर्यंत २५३ नोंदी. फोटो आहेत त्यात, पण लहान, काळेपांढरे. प्रत्येक नोंद एखाद्या अडचणीपासून सुरू होते आणि मग उपायाकडे जाते. एक नोंद अशी की, ज्या खोलीला दोन बाजूंनी उजेड मिळतो तिथं माणसं आपणहून जाऊन बसतात, एकाच बाजूनं उजेड असलेली खोली रिकामी राहते. हे वाचलं तेव्हा मला आमचं जुनं माजघर आठवलं. एका अंगाला ओटीकडून येणारा उजेड, दुसऱ्या अंगाला मागच्या दाराचा. आजी तांदूळ तिथंच निवडायला का बसायची ते मला पन्नाशीत, एका अमेरिकन प्राध्यापकाच्या पुस्तकातून कळलं.

आपली फाइल वस्तूंप्रमाणे लावलेली असते: किचन, बाथरूम, जिना. माझं म्हणणं, ती माणसांप्रमाणे आणि वेळेप्रमाणे लावा. साधी शंभर पानी वही घ्या. कोण, केव्हा, काय करतं आणि त्याला काय लागतं, एवढंच लिहा. उदाहरणार्थ: "आई. मे महिना, दुपार. आमसुलं, सांडगे, आंबोशी वाळत घालते. कडक उन्हाची सपाट जागा हवी, कुत्रं-कावळा येणार नाही अशी, आणि वळीव आला तर दहा पावलांत आडोसा." या एका नोंदीतून अंगण कुठे, त्याला लागून पडवी किती खोल, स्वयंपाकघराचं मागचं दार कुठे, हे सगळं निघतं. इटालियन मोड्युलर किचनच्या चाळीस फोटोंतून यातलं काहीही निघत नाही. दुसरी नोंद: "वडील. रात्री दोन-तीनदा उठतात. अंथरुणापासून संडास किती पावलं? मध्ये पायरी आहे का? दिव्याचं बटण झोपून हाताला लागतं का?" तिसरी नोंद स्वतःची करा, आणि ती खरी करा. आपण सत्तराव्या वर्षी तिथं राहणार आहोत, आजच्या गुडघ्यांनी नव्हे. चौथी मुलांची. ती बहुधा एका ओळीत संपेल, आणि त्या वरच्या मजल्यावरच्या दोन अटॅच्ड बेडरूम तिथल्या तिथं गळून पडतील.

वहीचं पहिलं पान मात्र जमिनीचं. सातबारा कुणाच्या नावावर, जागा बिनशेती आहे का, वाटेचा हक्क कसा. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं येऊ शकते. हे हॉटेलातल्या प्रॉपर्टी प्रदर्शनात टोकन देऊन आल्यावर कळणारी माणसं आपल्या मंडळात आहेत. मग पाणी. आपल्याकडे वाडी म्हणजे नारळी-पोफळी, इथं वादी म्हणजे कोरडी नदी, आणि कोरडी नदी ही नदीच असते हे गोनूनं २००७ च्या जूनमध्ये मस्कतला शिकवलं. चिपळूणला वाशिष्ठीनं २२ जुलै २०२१ रोजी तेच शिकवलं. तेव्हा प्लॉटवर पूर्वी पाणी कुठवर आलं होतं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून तारखेसकट वहीत लिहा.

आणि हे लिहायला वेळ नाही असं कृपया म्हणू नका. आपल्या शाळांना सुट्टी जून-जुलैत. म्हणजे ऐन पावसात आपण देशात असतो. पण तेव्हा आपण पुण्याच्या मॉलमध्ये असतो, आणि प्लॉट पाहायला जातो ते डिसेंबरात, आभाळ निरभ्र असताना, सकाळी अकरा ते दुपारी एक, गाडी चालू ठेवून. एक पूर्ण दिवस छत्री घेऊन त्या जमिनीवर काढा. पागोळ्या कुठे पडतील, पाणी कुठे साचतं, वारा कुठून छत्री उलटी करतो. या एका दिवसात जे हाताला लागतं ते चारशे चित्रांत नाही.

वही भरली, नकाशा झाला, अंदाजपत्रक झालं, की फाइल जरूर उघडा. तेव्हा चित्रं कामाची असतात: नळ, रंग, कड्या-कोयंडे, दिवे. आणि त्याच वेळी एक यादी कापायच्या गोष्टींची करा, कारण पैसे नेहमी कमी पडतात आणि घाईत नेमकी चुकीची गोष्ट कापली जाते. आमच्याकडे कंगोरे राहिले आणि छज्जे कापले गेले. ती यादी मीच केली होती.

२०२२ साली आम्ही घराला पुढच्या अंगानं पडवी जोडली. चिऱ्याचे खांब, लाकडी वासे, जुन्या कौलांतली जी विकली नव्हती ती कौलं, खाली कोबा. आर्किटेक्ट म्हणाला, एलिव्हेशनशी जुळत नाही. जुळत नाहीच. फोनवर हल्ली आईच्या मागे माणसांचे आवाज येतात, त्यामुळे तिला माझं बोलणं नीट ऐकू येत नाही.

सुरुवातीला ज्या स्नेह्यांची फाइल सांगितली ती अजून माझ्याकडेच आहे. परत मागितली तरी दिलेली नाही. बदल्यात त्यांना शंभर पानी वही दिली. महिनाभर माझ्यावर रागावले होते. परवा त्यांचा फोन आला, "अहो, आमच्या प्लॉटवर झड कुठल्या बाजूनं येते, कसं कळायचं?" म्हटलं, मला काय विचारता, गावी आईंना फोन लावा.